उकंडा आजोबांचा भावपूर्ण फोटो

"सर, तुमच्या ग्रूपमध्ये एकही बाई काहून नाही?"

हा प्रश्न माझा नव्हता. तो शीला आणि साधना या माझ्या मैत्रिणींचा होता, माझं फक्त तोंड होतं. वामनराव सर आमच्या शाळेत 'छंद आणि जीवन' या विषयावर बोलायला आले होते. भाषणाच्या शेवटी "कोणाला काही विचारायचं आहे का?" असं म्हणायची एक पद्धत असते आणि कोणीही काही न विचारायची दुसरी पद्धत असते. दोन्ही पद्धती आमच्या शाळेत नीट पाळल्या जातात. पण शीला माझ्या कानात म्हणाली, "विचारलं तर आठ दिवस मायी सायकल तुले." आणि साधना म्हणाली, "ते काय विचारते? तिची हिंमत तरी हाये काय?" मी सायकलसाठी उभी राहिले नाही, हे इथे स्पष्ट करते. सायकल तशीही पंक्चर होती.

वामनराव सर मराठीचे निवृत्त शिक्षक आणि आमच्या गावच्या हौशी छायाचित्रकार मंडळाचे संस्थापक अध्यक्ष. मंडळ म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक ग्रूप. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाई नसावी असा नियम नाही. अर्ज आला नाही, एवढंच."

"मग माझा घ्या," मी म्हणाले. हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. ते आपोआप निघालं. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीलासुद्धा हळू आवाजात "हजर" म्हणायचे, आणि बाई मला गैरहजर मांडायच्या. दहावीत गेल्यापासून आवाजाला काय झालं कोण जाणे, तो मला न विचारता बाहेर पडतो.

सर म्हणाले, सभासदाकडे स्वतःचा कॅमेरा पाहिजे. मी म्हणाले, बाबांचा जुना फोन आहे. सर म्हणाले, फोन म्हणजे तत्त्वतः कॅमेरा नव्हे, पण मंडळातल्या रामधनकडेही फोनच आहे, तेव्हा ठीक. अशा रीतीने मी मंडळाची पहिली स्त्री सभासद झाले.

मंडळाचे नियम मोजके आणि कडक होते. दर रविवारी सकाळी प्रत्येकाने एक ताजा फोटो टाकायचा. फोटोला शीर्षक हवं. आणि प्रत्येक सभासदाने प्रत्येक फोटोवर अभिप्राय द्यायचा, तोही शुद्ध मराठीत. 'नाईस पिक' या दोन शब्दांवर सरांनी कायमची बंदी घातली होती. ज्यांना शब्द सुचत नाहीत त्यांच्यासाठी सरांनी काही शब्द सुचवून ठेवले होते: अप्रतिम, बोलका, प्रकाशाचा सुंदर खेळ, भावपूर्ण. मंडळाचं सगळं रसग्रहण एवढ्या सामग्रीवर चालायचं.

फोटो बहुतेक सूर्यास्ताचे असत. आमच्या गावचा सूर्य उगवतो की नाही याची मंडळाकडे नोंद नाही, पण मावळतो हे पुराव्यानिशी सिद्ध आहे. वेगळं काही करायचे ते रामधन काका. त्यांचं कृषी केंद्र आहे. यंदा सगळ्या तालुक्यात गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला होता. काकांनी एका फोडलेल्या बोंडातली अळी इतक्या जवळून टिपली की तिचे डोळे दिसावेत. शीर्षक दिलं 'नाजूक सौंदर्य'. ज्यांची शेतं त्या नाजूक सौंदर्याने खाऊन टाकली होती, ते सभासद संध्याकाळी वावरातून आले, हातपाय धुतले आणि नियमाप्रमाणे लिहिलं, "अप्रतिम."

आता माझा फोटो. शेजारच्या उकंडा आजोबांच्या कामात मी पडले नसते तर पुढचं काही झालं नसतं. पण शेजाऱ्याच्या कामात न पडणं आमच्या गल्लीत उद्धटपणा समजतात.

उकंडा आजोबा राजूरच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. दर नोव्हेंबरात त्यांना बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असं सांगावं लागतं. याला हयातीचा दाखला म्हणतात. तो दिला नाही तर पेन्शन थांबते. आणि यंदा त्यांच्या मुलाच्या शेतातून जे काही आलं ते अळीच्या पोटातून उरलेलं होतं, म्हणून आजोबांच्या पेन्शनवरच त्यांच्या घरातली चूल, नातवाची शाळा आणि मथुराबाई आजीचं गुडघ्याचं तेल असं सगळं चाललं होतं. एकूण आजोबांनी जिवंत असणं फार गरजेचं होतं.

आधीच्या वर्षी यंत्रावर अंगठा ठेवला की काम व्हायचं. यंदा यंत्राने आजोबांचा अंगठा ओळखायला नकार दिला. जन्मभर फावडं धरून रेषा झिजल्या होत्या. बँकेचे रामराव काका म्हणाले, "मग कागदावर करू. फक्त नवीन फोटो पाहिजे. पांढरी पार्श्वभूमी, चेहरा स्पष्ट." रामराव काकाही आमच्या मंडळाचे सभासद, त्यामुळे पार्श्वभूमी हा शब्द ते सहज वापरतात.

गावातला स्टुडिओवाला लग्नांच्या मागे बाहेरगावी होता. मी म्हणाले, "मी काढते."

फोटो काढायला बसलो तर पांढरी पार्श्वभूमी मिळेना. आजोबांच्या घरातल्या सगळ्या चादरींवर पोपट होते. भिंत निळी. मथुराबाई आजीचं पांढरं पातळ मागे धरायला लीलाबाई तयार झाल्या, पण धरता धरता त्या सारख्या फोटोत डोकावायच्या. लीलाबाई आमच्या समोर राहतात आणि त्यांचा सल्ला कोणी मागितलेला नसतो.

"दात नोका दाखवू बाप्पा," त्या आजोबांना म्हणाल्या. "बँकेले वाटन, या मानसाचं बरं चाललं हाये."

"मंग काय रडू?"

"रडूबी नोका. दोनाच्या मधात राहा."

शेवटी मला एकच पांढरी वस्तू दिसली. त्यांच्या समोरच्या खोलीत कापूस रचला होता, छतापर्यंत. भाव पडलेला, माल डागी, म्हणून विकायला नेला नव्हता. आमच्याकडे अशा दिवसांत माणसं ओसरीत झोपतात आणि कापूस घरात. मी आजोबांना त्या ढिगापुढे स्टुलावर बसवलं. कापूस मागून खांद्यांवर आला, थोडा मांडीवर आला. तेवढ्यात ढिगातून एक पतंग निघाला. तीच अळी, मोठी होऊन पतंग झालेली. तो आजोबांच्या डोक्यावरून वर उडाला आणि आजोबांनी मान उचलून त्याच्याकडे पाहिलं, ज्याने आपलं पीक खाल्लं त्याच्याकडे माणूस जसं पाहील तसं. मी नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

बँकेसाठी मग समोर पाहणारा एक फोटो काढला तो वेगळा, सोमवारी नेऊन द्यायचा. पण हा पहिला फोटो मी पुन्हा पुन्हा पाहत राहिले. कापसावरचे पिवळे डाग दिसत होते म्हणून तो काळा-पांढरा केला. मग त्यात उकंडा आजोबा ढगांत बसून वर कुठेतरी शांतपणे बघत आहेत असं दिसायला लागलं.

खरं सांगते, मला तोपर्यंत वाटायचं फोटो म्हणजे माणसं ओळीत उभी करणं. आमच्या घरात आई-बाबांचा दोघांचा मिळून एकच फोटो आहे, लग्नातला, आणि त्यात बाबांचे डोळे मिटलेले आहेत. आई म्हणते, तिथूनच सुरुवात झाली. त्या फोटोकडे कोणी कधी दोनदा पाहत नाही. आजोबांच्या फोटोकडे मात्र शीलासुद्धा बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अर्पिता, हा तू काढला?" तिच्या आवाजात सायकलची पूर्ण भरपाई होती.

रविवारी सकाळी मी तो मंडळावर टाकला. शीर्षक दिलं 'प्रकाशाकडे'. मग फोन घरी ठेवून गणिताच्या शिकवणीला राळेगावला गेले.

माझ्या मागे जे घडलं ते मी नंतर क्रमाने वाचलं. पहिला अभिप्राय वामनराव सरांचा. एकच शब्द: "भावपूर्ण." पहिल्याच फोटोला सरांकडून भावपूर्ण. तिथेच सगळे थांबले असते तर माझं आयुष्य वेगळं असतं.

दुसरे आले रामधन काका. त्यांनीही भावपूर्ण लिहायला घेतलं. आता ज्याच्या फोनमध्ये मराठी आहे त्याला माहीत आहे की भावपूर्ण लिहिलं की फोन पुढचा शब्द स्वतःच आणून ठेवतो. फोनचाही दोष नाही. आमच्या भागात त्या शब्दापुढे दुसरं काही येताना त्याने पाहिलेलंच नाही. काकांचा अंगठा जाड. "भावपूर्ण श्रद्धांजली," असं गेलं.

तिसरे रामराव काका. त्यांनी पाहिलं: काळा-पांढरा फोटो, ढग, 'प्रकाशाकडे', श्रद्धांजली. त्यांनी लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली. आमच्या शाखेचे जुने व सज्जन खातेदार. परवाच भेटले होते." त्यानंतर सगळ्या सभासदांनी रांगेने हात जोडले. शेवटी वामनराव सर परत आले. आपला पहिला अभिप्राय तोकडा पडला असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी सविस्तर लिहिलं. उकंडाजींच्या जाण्याने गावाची कशी हानी झाली, याला त्यांनी तीन परिच्छेद दिले. जिवंतपणी सर त्यांच्याशी तीन वाक्यंही बोलले नव्हते.

मी दुपारी घरी येऊन फोन उघडला. आधी मला फक्त अभिप्रायांची संख्या दिसली आणि मला फार आनंद झाला. तो आनंद वाचायला लागेपर्यंत टिकला.

मी ताबडतोब लिहिलं, "आजोबा जिवंत आहेत."

एका सभासदाने उत्तर दिलं, "खरे आहे. ते आपल्या आठवणीत सदैव जिवंत राहतील."

मी लिहिलं, "तसं नाही. खरंच जिवंत आहेत. आता अंगणात तूर निवडत आहेत."

"अशी माणसे मरत नसतात," दुसऱ्याने लिहिलं. आणि रामधन काकांनी लिहिलं, "पोरीले धक्का बसला हाये. घरच्यांनी लक्ष द्यावे."

मी वामनराव सरांना फोन केला. त्यांचा फोन व्यस्त होता. ते एका स्थानिक वर्तमानपत्राला मंगळवारच्या अंकासाठी निधनवार्ता सांगत होते, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. मग मी विचार केला की मेलेला माणूस रस्त्यावर दिसला की विषय आपोआप मिटेल. आजोबा रोज सकाळी स्टँडवर चहा प्यायला जातातच.

माझे बाबा, भगवानराव, एसटीच्या आमच्या गावातल्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहेत. एक खोली, एक खिडकी, एक माईक. घरी बाबा फारसे बोलत नाहीत. दिवसभर माईकवर बोलून त्यांचा शब्दांचा साठा संपतो, असं आईचं मत आहे. सोमवारी सकाळी मी शाळेत जाताना त्यांचा डबा द्यायला स्टँडवर थांबले, तेवढ्यात गाडी आली आणि तिच्यातून पांढरी पातळं नेसलेल्या बाया उतरल्या. महागावहून यवतमाळ, यवतमाळहून इथे, अशा दोन गाड्या बदलून, आणि उतरल्या त्या रडतच.

त्यातली पुढची हंसाबाई, आजोबांची भाची. मी तिला लग्नाच्या एका फोटोत पाहिलं होतं म्हणून ओळखलं. ग्रूपवरची श्रद्धांजली कोणीतरी पुढे पाठवत पाठवत महागावपर्यंत पोचवली होती. चहाच्या टपरीवर आजोबा बसले होते, थंडी म्हणून डोक्याला आणि कानाला मफलर गुंडाळून, नाक तेवढं बाहेर. बाया रडताना पाहून ते उठले.

"कोन गेलं वो?"

"मामा गेले जी आमचे," हंसाबाई पदराआडून, रडून बसलेल्या आवाजात म्हणाली.

"अरे अरे," आजोबा म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. "चाला, मी पोचवतो. कोन्त्या घरी जाचं हाये?"

"बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत."

"आमचीच गल्ली," आजोबा म्हणाले आणि चालायला लागले. चालता चालता पुटपुटले, "मले कसं कोनी सांगतलं नाही?"

मी धावत जाऊन बाबांना खिडकीतून सगळं सांगितलं. सगळं म्हणजे फोटो, भावपूर्ण, रामधन काकांचा अंगठा, सगळं. बाबांनी डबा बाजूला ठेवला. मग त्यांना जे येतं ते त्यांनी केलं. माईक ओढला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. यवतमाळकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे. तसेच महागावहून आलेल्या पाहुण्यांनी लक्ष द्यावे. उकंडाजी जिवंत आहेत. उकंडाजी जिथे असतील तिथून त्यांनी नियंत्रण कक्षाशी संपर्क साधावा."

आवाज गल्लीपर्यंत गेला. मी पळत त्यांना गाठलं तेव्हा आजोबा हंसाबाईला समजावत होते.

"पाह्य बाई. जित्ता निघाला तुयावाला मानूस. स्टँडवाले सांगून राह्यले."

"त्यायचं काय खरं हाये," हंसाबाई हुंदके देत म्हणाली. "ते गाडीबी वेळेवर येते म्हनतात."

हे आजोबांना पटलं. आपलं नाव ऐकूनही त्यांना शंका आली नाही, याचं कारण आमच्या गावात उकंडा बरेच आहेत. आमच्याकडे आधीची लेकरं दगावली की पुढच्याचं नाव उकंडा ठेवायचे. उकंडा म्हणजे उकिरडा. नाव ऐकूनच मरणाने नाक मुरडावं आणि पुढच्या घरी जावं, हा हेतू. त्यामुळे कुठलाही उकंडा गेला की बाकीचे उकंडा त्याच्या घरी जाऊन बसतात, आणि आजोबा त्याच विचाराने चालले होते.

"आजोबा," मी म्हणाले, "थांबा. तो उकंडा..."

"शाळेत जाय पोरी, दुखवट्यात मधी नोको बोलू," ते म्हणाले, आणि आपल्याच घरासमोर उभे राहिले.

मथुराबाई आजी दारात तांदूळ पाखडत होत्या. हंसाबाईने त्यांच्या गळ्यात पडून जो टाहो फोडला त्याने सूप उलटं झालं.

"मामी वो, मामा गेले ना वो..."

"कुठी गेले?" आजी म्हणाल्या. "चहा प्याले गेलते. तुया मांगंच त उभे हायेत, पिशवी घिऊन."

हंसाबाईने मागे वळून पाहिलं. आजोबांनी मफलर काढला. सगळ्या गल्लीला स्टँडवरची पुढची घोषणा शब्दन्‌शब्द ऐकू आली. मग आजोबांनी पिशवी हळूच खाली ठेवली आणि विचारलं, "म्हंजे मी गेलो काय?"

पाहुण्यांना चहा झाला. दुखवट्याला आलेल्यांना घरचा चहा देत नाहीत, पण हा दुखवटा आहे की पाहुणचार हे ठरवायला वेळ नव्हता. मी सगळ्यांसमोर फोनवरचा फोटो दाखवला आणि काय झालं ते सांगितलं. मला वाटलं आता मार बसणार. आजी फोटोकडे पाहत राहिल्या.

"किती चांगले दिसून राह्यले वो," त्या म्हणाल्या. मग ठामपणे पुढे म्हणाल्या, "अन् हे पाहा, मरनाची खोटी बातमी आली की आयुष्य वाढते."

"बावीस प्रतिज्ञा पाठ हायेत ना तुले?" आजोबा म्हणाले. "मंग हे काय बोलून राह्यली?"

"त्याच्यात हे नाही लिहेल," आजी म्हणाल्या. "सासूबाईनं उकंडा नाव ठिवून एकडाव मरनाले फसवलं. या पोरीच्या फोटोनं दुसऱ्या डाव फसवलं. आता तुमी काई लवकर जात नाही. मलेच पाहा लागन."

एवढ्यावर भागलं असतं. पण हयातीचा दाखला अजून बाकी होता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः रजा टाकली, आणि आम्ही तिघं बँकेत गेलो. रामराव काका आजोबांना पाहून खुर्चीतून उठले, नमस्कार केला, मग आठवण आल्यासारखे परत बसले.

"उकंडाजी, मी व्यक्ती म्हणून तुम्हाला ओळखतो," ते म्हणाले. "पण खातेदाराच्या मृत्यूची माहिती मिळाली की खातं थांबवावं लागते. मी रविवारी माहिती वाचली, सोमवारी थांबवलं."

"माहिती तुम्हीच लिहिली होती, काका," मी म्हणाले.

"लिहिणारा मी सभासद म्हणून. वाचणारा मी अधिकारी म्हणून," रामराव काका म्हणाले. त्यांनी टेबलाच्या खणातून स्थानिक वर्तमानपत्र काढलं. त्यात तोच फोटो, वामनराव सरांचे तीन परिच्छेद, आणि खाली बारीक अक्षरात: छायाचित्र कु. अर्पिता.

माझं नाव पहिल्यांदा छापून आलं होतं. मी ते किती वेळा वाचलं हे सांगणं त्या प्रसंगाला शोभणार नाही.

"मंग मी आता काय करू?" आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. काल आजींशी वाद घालणारे आजोबा हे नव्हते. "घरी पोरगा वाट पाहून राह्यला. वावरात त काही नाही."

रामराव काकांनी पेपराची घडी घातली. तेव्हा मला कळलं की माझ्या फोटोने हे झालं आहे आणि भावपूर्ण बिवपूर्ण काही नाही, या माणसाचं घर अडलं आहे.

बाबा शांतपणे म्हणाले, "साहेब, जिवंत आहे याला पुरावा काय लागते?"

"ताजा फोटो," रामराव काका म्हणाले. "पण ताजा आहे हे फोटोवरून कसं कळणार? हा पेपरातला पण ताजाच होता."

"तारीख दिसली पाहिजे ना?" मी म्हणाले.

"हो."

"मग आजोबांच्या हातात आजचा पेपर देऊ. पेपरवर तारीख असते."

काकांनी हातातल्या पेपरकडे पाहिलं. आजचा पेपर हाच होता. निधनवार्तेचा.

मी आजोबांना बँकेच्या पायरीवर उभं केलं. हातात पेपर, वर तारीख, खाली त्यांचा ढगातला फोटो. बाजूला साक्षीला रामराव काका. वामनराव सरांना बोलावणं पाठवलं. ते आले, आजोबांकडे पाहिलं, आणि छापील शब्द मागे घेता येत नाही असं काहीसं बोलू लागले. आजोबा म्हणाले, "गुरुजी, तुमी लय चांगलं लिहेल हाये. मी सकाऊन लीलाबाईकून दोनदा वाचून घेतलं. एवढं चांगलं मले कोनी कधी म्हटलं नोतं." सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि या वेळी बराच वेळ लावला नाही. मग ते निमूट दुसऱ्या बाजूला उभे राहिले. आजोबांनी पेपरातल्या स्वतःकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. लीलाबाईंनी सांगितलेलं सगळं विसरून ते दात दाखवून हसले. मी बटण दाबलं.

रामराव काकांनी तो फोटो अर्जाला लावला, वर फोन केले, आणि उकंडा आजोबा आठवडा संपायच्या आत कागदोपत्री जिवंत झाले. पेन्शन सुरू झाली. फोटो मी मंडळावर टाकला, शीर्षक 'हयात'. बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. सरांनी सुचवलेल्या शब्दांपैकी एकही लिहायची कोणाची छाती होईना. शेवटी रामधन काकांनी लिहिलं, "नाईस पिक." सरांनी हरकत घेतली नाही.

नुकसान झालं ते आमच्या घरचं. बसव्यतिरिक्त मजकूर प्रसारित केल्याबद्दल बाबांकडून वरिष्ठांनी खुलासा मागवला. बाबांनी लिहिलं की सदर व्यक्ती नियमित प्रवासी असल्याने तिच्या हयातीची माहिती प्रवाशांच्या सोयीसाठी दिली. खुलासा मान्य झाला की नाही हे अजून कळलेलं नाही.

दुसरं म्हणजे गल्ली. मथुराबाई आजींचं म्हणणं सगळीकडे पसरलं. आता रोज कोणी ना कोणी दारात येतं. लीलाबाई सगळ्यात आधी आल्या, पावडर लावून. "मायाबी काढ तसा, कापसात बसून. अन् त्यायले म्हना, तेच लिव्हा."

"लीलाबाई, ती श्रद्धांजली आहे," आई म्हणाली.

"मालूम हाये. पण लिव्हल्यानं आयुष्य वाढते ना."

आई, म्हणजे विमलताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. लीलाबाई गेल्या तशी तिने दार लावलं. बाबा जेवायला बसले होते. आई म्हणाली की झालं तेवढं पुरे, दहावीचं वर्ष आहे, फोन कपाटात जाईल आणि मी आज रात्रीच मंडळाला 'मी ग्रूप सोडत आहे' असं लिहून द्यायचं. आपल्या नावाने लोक हसतात, ती म्हणाली. स्टँडवर, शाळेत, सगळीकडे. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवला, म्हणजे ते तिच्या बाजूने होते.

मी भिंतीकडे पाहिलं. लग्नातला फोटो. हार घातलेली आई, आणि डोळे मिटलेले बाबा. एवढ्या वर्षांत त्या दोघांना शेजारी उभं राहून कोणी नीट पाहिलंच नव्हतं. आणि उकंडा आजोबांना मरण्याआधी एकदा तरी कोणीतरी चांगलं म्हटलं होतं.

घरात घोषणा करायचं काम बाबांचं. त्या दिवशी ते मी केलं. पाटावर उभी राहिले, कारण माईक नव्हता.

"आई, बाबा, लक्ष द्या," मी म्हणाले. "मी ग्रूप सोडणार नाही. अभ्यास करीन, रोज, तू सांगशील तेवढा. पण रविवारी सकाळी मी तुमचा दोघांचा फोटो काढणार आहे, अंगणात, अन् ग्रूपवर टाकणार आहे. त्यांना काय लिहाचं ते लिहू द्या. मले तुमचं दोघांचंबी आयुष्य वाढवाचं आहे. आई, तू ते जांभळं पातळ नेस. अन् बाबा, या वेळी डोये उघडे ठेवजा."